साडेपाच ते साडेसात: शाळेनंतरच्या वर्गाचा उपयोग मोजायचा कसा?

पुण्यातल्या एका वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही दोघी-तिघी रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मुलांचा वर्ग घेतो. पटावर ३५ मुलं, पहिली ते सहावीची. वाचन, थोडं गणित, शाळेचा राहिलेला गृहपाठ आणि शेवटी खेळ नाहीतर गाणी. दर मार्चमध्ये आम्हाला पैसे देणाऱ्या कंपनीकडून एक तक्ता येतो. त्यातला ‘लाभार्थी संख्या’ हा रकाना भरायला दोन मिनिटं पुरतात. त्याखाली ‘झालेला बदल’ असा एक रकाना असतो. तिथे मी सहा वर्षं “मुलांच्या वाचनात लक्षणीय सुधारणा” असं लिहून मोकळी होत आले.

यंदा आमचा हिशेब बघणाऱ्या काकांनी तो तक्ता वाचला आणि सहज विचारलं, “सुधारणा झाली ती तुमच्यामुळेच, कशावरून? पोरं वर्षभरात मोठीही झालीच की.”

मला आधी राग आला आणि मग उत्तर सुचेना. काकांच्या त्या एका वाक्यात या विषयातला निम्मा अभ्यासक्रम आहे, हे पुढे वाचत गेल्यावर कळलं.

हा प्रश्न आता सगळीकडे विचारला जातो, त्यामागे एक सरळ कारण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. जानेवारी २०२१ पासून नियमात भर पडली: ज्या कंपनीवर हा खर्च तीन वर्षांच्या सरासरीनं १० कोटींचा किंवा त्याहून जास्त येतो, तिनं १ कोटी किंवा त्यापुढच्या प्रकल्पांचं बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यायचं. आमचा वर्ग त्या हिशेबात चिल्लर आहे. पण मोठ्यांच्या घरात सुरू झालेली पद्धत हळूहळू चिल्लरीपर्यंत येतेच.

न आलं असतं, तर?

समजा, तिसरीतली एक मुलगी जूनमध्ये फक्त अक्षरं ओळखत होती आणि मार्चमध्ये ती परिच्छेद वाचते. आम्हाला आनंद होतो, आईला होतो, फोटो निघतो. पण ती याच काळात शाळेतही जात होती, तिथे बाईही होत्या. घरात मोबाइल होता, दुकानांच्या पाट्या होत्या, शेजारची पाचवीतली मैत्रीण होती. वर्गात न येता ती मार्चमध्ये कुठे असती? कदाचित शब्दापर्यंत, कदाचित परिच्छेदापर्यंतच. वर्गाचा उपयोग म्हणजे जून ते मार्च हा फरक नाही. ‘आली म्हणून जिथे पोचली’ आणि ‘आली नसती तर जिथे असती’ या दोन जागांमधलं अंतर म्हणजे उपयोग. यातली दुसरी जागा कुणालाच दिसत नाही, कारण एकच मुलगी एकाच वेळी येऊनही बघू शकत नाही आणि न येऊनही.

मग सोपा मार्ग सुचतो तो असा की वर्गात येणाऱ्यांची तुलना न येणाऱ्यांशी करावी. आम्ही एका वर्षी ती केली होती. आमची मुलं बरीच पुढे निघाली, आणि आम्ही तो आकडा ठळक अक्षरांत छापलाही. आज त्याची लाज वाटते. आमच्याकडे कोण येतं? ज्या आईला संध्याकाळी मुलाचा हात धरून समाजमंदिरापर्यंत यायला जमतं, जी शाळेतल्या पालकसभेलाही जाते, तिचं मूल. न येणाऱ्यांत कोण? ज्याचं घर दर आठ महिन्यांनी बदलतं, जो चौथीतच वडिलांच्या भाजीच्या गाडीवर उभा राहतो, आणि दुसऱ्या टोकाला, ज्याला हजार रुपयांची खासगी शिकवणी आहे. या दोन गटांत आमच्या शिकवण्याआधीपासूनच फरक होता. तो आम्ही आमच्या नावावर टाकला.

याच्या उलटी फसगतही होते. काही वर्ग मुद्दाम ‘कच्ची’ मुलं निवडतात. जूनच्या चाचणीत ज्यांना सगळ्यांत कमी गुण, त्यांना घ्यायचं. पण त्या दिवशी खाली पडलेल्यांत काही खरोखर कच्ची असतात आणि काहींना त्या दिवशी नुसता ताप असतो, नाहीतर घरी रात्रभर भांडण झालेलं असतं. ही दुसऱ्या प्रकारची मुलं पुढच्या चाचणीला काहीही न करता वर येतात. त्यांची त्यांची नेहमीची पातळी ती. आपल्याला मात्र वाटतं, बघा, दोन महिन्यांत किती फरक पडला.

चिठ्ठ्या टाकल्या तर

यावर सापडलेला सगळ्यांत सरळ उपाय आपल्या ओळखीचा आहे. म्हाडाच्या घरांची सोडत निघते, आरटीईच्या २५ टक्के जागांची निघते. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून सोडत. आता विचार करा: नाव लागलेले आणि न लागलेले यांच्यात फरक काय? दोघांच्याही आईबापांनी अर्ज भरला होता, दोघांनाही सारखीच इच्छा होती. फरक फक्त नशिबाचा. गट पुरेसा मोठा असेल तर हुशारी, घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, सगळं दोन्ही बाजूंना साधारण सारखं वाटलं जातं. मग वर्षअखेरीस जो फरक दिसेल तो वर्गाचा. न लागलेली मुलं म्हणजे ती न दिसणारी दुसरी जागा.

शाळेनंतरच्या वर्गाच्या बाबतीत हे आपल्या देशात फार नीट केलेलं एक काम दिल्लीतलं आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी ते केलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘माइंडस्पार्क’ नावाची केंद्रं होती. सरकारी शाळेतली, बहुतेक सहावी ते नववीची मुलं तिथे आठवड्यातले सहा दिवस ९० मिनिटं यायची. अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ छोट्या गटात शिकवणाऱ्या सहायकाबरोबर. संगणकाचं वैशिष्ट्य एवढंच की मूल कोणत्या इयत्तेत बसतं हे तो विचारत नव्हता. त्याला खरोखर काय येतं ते तपासून तिथून पुढे न्यायचा. ६१९ मुलांमध्ये सोडत काढली. नाव न लागलेल्यांना अभ्यास संपल्यावर प्रवेश द्यायचं आधीच ठरलं होतं.

साडेचार महिन्यांनी चाचणी झाली. सोडतीत नाव लागलेली मुलं गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनांनी पुढे होती. हा ‘प्रमाण विचलन’ शब्द आला की मराठी वाचक पान उलटतो, मीही उलटायचे. म्हणून असं बघा: शंभर मुलं गुणांप्रमाणे एका रांगेत उभी करा, सगळ्यांत कमी गुणांचं पहिलं. बरोबर मधलं, पन्नासावं मूल घ्या. ०.३७ चा परिणाम म्हणजे ते मूल चालत चालत साधारण चौसष्टाव्या जागेवर गेलं. साडेचार महिन्यांत चौदा जणांना मागे टाकलं. तेही हजेरी सरासरी ५८ टक्के असताना. ज्यांचं नाव लागलं पण जे एकदाही फिरकले नाहीत, तेही या सरासरीत धरलेले आहेत.

आता या अभ्यासातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग. सुरुवातीच्या चाचणीत सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. म्हणजे बसतं सहावीत, येतं तिसरी-चौथीचं. नाव न लागलेल्यांपैकी सगळ्यांत मागच्या तिसऱ्या हिश्श्यातली मुलं त्या साडेचार महिन्यांत जवळजवळ काहीच पुढे सरकली नाहीत. रोज शाळेत जात होती, तरीही. आणि केंद्रात जाणाऱ्यांनी एवढी मजल मारली, तर शाळेच्या परीक्षेत काय झालं? हिंदीत गुण वाढले. गणितात, विज्ञानात, समाजशास्त्रात फरक दिसला नाही.

कारण उघड आहे. ज्याला तिसरीचा भागाकार येत नव्हता तो आता पाचवीची उदाहरणं सोडवतो, पण सहावीच्या पेपरात प्रश्न सहावीचे असतात. तिथे त्याला पूर्वीही भोपळा होता, आताही भोपळाच. त्याच्या दोन इयत्तांच्या उडीची शाळेच्या प्रगतिपुस्तकात नोंदच नाही. कंपनीच्या तक्त्यात ‘शालेय निकालातील वाढ’ असा रकाना असता तर हा सगळा खटाटोप ‘अयशस्वी’ ठरला असता. आणि आईबापांच्या हातात तर प्रगतिपुस्तकच पडतं. “दोन तास पाठवते, तरी गणितात नापासच,” असं म्हणणारी आई आमच्याकडे दरवर्षी एक तरी असते. तिचं काही चुकत नाही. पट्टी चुकीची आहे.

पट्टीवरून आठवलं. वाचनाची पातळी आम्ही अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्यांनी बघतो, ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणात असते तशी. चाचणी आम्हीच घ्यायचो. एकदा पहिलीतला एक मुलगा ‘बदक’ या शब्दापाशी अडला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. माझे ओठ आपोआप ‘ब’साठी मिटले. तो खुशीत म्हणाला, “बदक!” मी बरोबरची खूण केली. ती खूण माझ्या ओठांची होती, त्याच्या वाचनाची नव्हे. तेव्हापासून आमच्या मुलांची चाचणी दुसऱ्या वस्तीतल्या ताई घेतात आणि त्यांच्या मुलांची आम्ही. निकाल त्या वर्षी चांगलाच खाली आला.

येतात किती, हाच खरा प्रश्न

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये ‘प्रथम’ या संस्थेनं आणि अभिजीत बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो, रुक्मिणी बॅनर्जी यांच्यासारख्या अभ्यासकांनी मिळून एक प्रयोग केला. गावांचेच गट पाडले, तेही सोडतीनं. काही गावांत शाळेविषयी गावकऱ्यांच्या हक्कांची माहिती दिली. काहींत त्याशिवाय मुलांच्या वाचनाची चाचणी घ्यायला शिकवून गावाचं प्रगतिपुस्तक मांडलं. तिसऱ्या गटात याच्या जोडीला गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना शाळेबाहेर वाचनवर्ग घ्यायला तयार केलं. पहिल्या दोन गटांत काहीही हललं नाही. माहिती मिळाली, सभा झाल्या, शाळा होती तिथेच राहिली. तिसऱ्या गटात वाचनवर्ग सुरू झाले. ज्यांना आधी एक अक्षरही वाचता येत नव्हतं, त्यांच्यापैकी वर्गात आलेली सगळी मुलं वर्षअखेर निदान अक्षरं ओळखायला लागली. तुलनेसाठी काहीही न करता ठेवलेल्या गावांत तशा मुलांपैकी ४० टक्केच तिथवर पोचली.

हे वाचून टाळी द्यावीशी वाटते. पण त्या गावांतल्या सगळ्या मुलांची सरासरी काढली तर फरक अगदी किरकोळ होता. कारण वर्गात आली ती गावातली साधारण ८ टक्के मुलं.

मग वर्ग उपयोगी की निरुपयोगी? दोन्ही आकडे खरे आहेत, ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. “जो येतो त्याचं काय होतं?” हा मुलाच्या आईचा प्रश्न. “गावात वर्ग उघडला तर गावाचं काय होतं?” हा जिल्हा परिषदेचा किंवा पैसे देणाऱ्याचा प्रश्न. अहवालांमधली बरीच हातचलाखी इथे होते: पैसे मागताना दुसऱ्या प्रश्नाचं आश्वासन द्यायचं आणि हिशेब देताना पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढे करायचं. आम्हीही ३५ पैकी रोज येणाऱ्या अठरा जणांचीच प्रगती लिहायचो. बाकीची सतरा ‘अनियमित’ म्हणून बाजूला. ती का येत नव्हती, हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. त्यावर पुढे येते.

टिकतं किती, हाही एक मुद्दा. मुंबईच्या पालिका शाळांत आणि बडोद्यात ‘बालसखी’ हा उपक्रम झाला. तो शाळेच्या वेळेतच चालायचा, पण पद्धत आमच्यासारखीच: वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना वेगळं घेऊन बसायची. २००७ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत परिणाम ०.२८ होता, आणि उपक्रम थांबल्यावर वर्षभरात तो ०.१ च्या आसपास उतरला. रांगेच्या भाषेत, एकसष्टावर गेलेलं मूल पुन्हा चौपन्नावर आलं. मार्चमध्ये चाचणी घेऊन मार्चमध्येच तक्ता भरणाऱ्या आमच्यासारख्यांना पुढच्या वर्षीचा मार्च कधी दिसतच नाही.

“छान वाटलं” याची किंमत

प्रत्येक तक्त्याला जोडून पालकांच्या आणि मुलांच्या अभिप्रायांचे कागद असतात. सगळे गोड. “ताई छान शिकवतात.” ते खोटे नसतात, पण त्यांच्यावर किती विसंबायचं याचं उत्तर अमेरिकेतल्या एका जुन्या गोष्टीत आहे.

बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये ५०६ मुलग्यांच्या जोड्या लावल्या. दोघं शक्य तितके सारखे, आणि नाणं उडवून एकाला मदत द्यायची, एकाला नाही. ज्यांना मिळाली त्यांच्या घरी समुपदेशक जायचे, अभ्यासात मदत व्हायची, उन्हाळी शिबिरं व्हायची. सरासरी पाच वर्षं हे चाललं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांना, म्हणजे तेव्हाच्या पोक्त पुरुषांना, शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोक म्हणाले, उपयोग झाला. कित्येकांनी आपल्या समुपदेशकाची मनापासून आठवण काढली. आणि नोंदी बघितल्या तर हाच गट दारू, पुन्हा गुन्हा, ताणाचे आजार, लवकर मृत्यू अशा बाबतीत दुसऱ्या गटापेक्षा वाईट निघाला. त्यांचे उमाळे खरे होते, पण त्यांनाही स्वतःची ‘न मिळालेली’ बाजू दिसत नव्हती. ती नाण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती.

चांगल्या मनानं केलेलं काम अपायही करू शकतं, हे मला या गोष्टीआधी कुणी सांगितलं नव्हतं. अभिप्रायाचे कागद मी अजूनही घेते. पण ते भिंतीवर लावायला.

घराचे दोन तास

आतापर्यंत सगळं मुलाच्या पाटीवर चाललं होतं. शाळेनंतरचा वर्ग मात्र घराच्या घड्याळातही हात घालतो, आणि तिकडे फार कमी जण बघतात.

अमेरिकेत शाळेच्या इमारतीत संध्याकाळी चालणाऱ्या वर्गांना केंद्र सरकारचा मोठा निधी मिळतो. ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’ असं त्याचं लांबलचक नाव. ‘मॅथेमॅटिका’ या संस्थेनं त्याचं मूल्यमापन केलं, पहिला अहवाल २००३ मध्ये आला. गुणांत फारसा फरक नव्हता. प्राथमिक शाळेतल्या मुलांना संध्याकाळी जास्त सुरक्षित वाटत होतं. अहवालाचा आधार घेऊन बुश सरकारनं तो निधी सुमारे १ अब्ज डॉलरवरून ६० कोटींवर आणायचा प्रस्ताव मांडला, पण संसदेनं तो मान्य केला नाही. वाद खूप झाला. मला त्यातली एक बारीक गोष्ट लक्षात राहिली. वर्ग नसता तर मुलं घरी एकटी राहिली असती, असा सगळ्यांचा समज होता. तपासल्यावर दिसलं की तसं क्वचितच होत होतं. वर्ग नसता तर ती आईवडिलांजवळ किंवा मोठ्या भावंडाजवळ असती. म्हणजे वर्गानं एकटेपण कमी केलं नव्हतं. त्यानं घरातल्या कुणाचे तरी दोन तास मोकळे केले होते.

त्या मोकळ्या तासांचं पुढे काय होतं, हे चिलीत मोजलं गेलं. तिथे ‘चार ते सात’ असंच नाव असलेली सरकारी योजना आहे: ६ ते १३ वर्षांच्या मुलांना शाळा सुटल्यावर संध्याकाळी सातपर्यंत सांभाळायचं. तिथेही सोडत काढून अभ्यास झाला. ज्या आयांना जागा मिळाली त्यांच्यात काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. आणखी एक गंमत: धाकट्या मुलांसाठीची मोफत पाळणाघरं तिथे आधीपासून होती. पण मोठ्याची सोय झाल्यावर धाकट्यांनाही तिथे पाठवणं वाढलं. साहजिक आहे. मोठ्यासाठी घरी थांबावंच लागत असेल, तर धाकट्याला कशाला कुठे पाठवायचं?

आपल्याकडे सरकारी योजनांतली पाळणाघरं सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. शाळेत गेलेल्या मुलाची जबाबदारी शाळा सुटेपर्यंत शाळेची. पुढची आईची, नाहीतर आजीची. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं होता आणि पुरुषांचा ९७. या २९९ मधून दोन तास सुटले तर काय होतं, हे मोजायला आमच्या तक्त्यात जागा नाही.

आणि मोजायचं ठरवलं तरी विचारायचं कसं, हा प्रश्न येतो. मी एका आईला विचारलं, “तुम्ही काम करता का?” “नाही हो, घरीच असते.” मग वेगळं विचारलं: काल दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत काय काय केलं, घड्याळाप्रमाणे सांगा. चार ते पाच या तासात साड्यांना फॉल लावला, दोन साड्या झाल्या. साडेपाचला मुलाला आमच्याकडे सोडलं आणि तिथूनच दोन घरांच्या पोळ्या करायला गेली. दुसरं घर वर्ग सुरू झाल्यावर धरलं, कारण पूर्वी संध्याकाळी मुलाला एकटं सोडता येत नव्हतं. “घरीच असते” म्हणणाऱ्या बाईच्या दिवसात दोन धंदे होते, आणि त्यातल्या एकाच्या निम्म्या कमाईला आमचा वर्ग कारण होता. तिच्या मुलाचं वाचन अजूनही शब्दावरच आहे.

पैशांची दुसरीही बाजू आहे. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातली पहिली ते आठवीची ३०.५ टक्के मुलं पैसे देऊन शिकवणीला जात होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २६.४ टक्के होतं. समजा, अशी शिकवणी सोडून एक मूल आमच्या फुकटच्या वर्गात आलं. आम्ही त्या शिकवणीइतकंच बरं शिकवलं तर त्याच्या गुणांत काहीच फरक दिसणार नाही, आणि अहवाल म्हणेल परिणाम शून्य. फरक त्याच्या घरच्या किराणात पडलेला असेल. म्हणून ‘न आलं असतं तर काय केलं असतं’ हा प्रश्न प्रवेशाच्या अर्जावरच छापावा, असं आम्ही ठरवलं. आजीकडे? शिकवणीला? गाडीवर? रस्त्यावर खेळत? एवढी एक ओळ नसली तर पुढच्या कुठल्याच आकड्याचा अर्थ लागत नाही.

मग आमच्यासारख्या छोट्या वर्गानं सोडत काढायची का? गेल्या जूनमध्ये ३५ जागांना ५२ नावं आली होती आणि आम्ही पहिल्या ३५ जणांना घेतलं होतं. रांगेत पहिले उभे कोण राहतात, ते वर सांगितलंच. यंदा चिठ्ठ्या टाकू म्हटल्यावर माझी सहकारी चिडली: “आणि ज्याला खरी गरज आहे त्याचीच चिठ्ठी निघाली नाही तर?” शेवटी दहा जागा अगदी अडलेल्या घरांसाठी राखायच्या आणि उरलेल्या पंचवीस चिठ्ठीनं भरायच्या, असं ठरलं. हे न्यायासाठी बरं आहे. पुरावा म्हणून मात्र त्याचा उपयोग नाही, हेही मान्य करायला हवं. चिठ्ठी लागलेली पंचवीस आणि न लागलेली सतरा, एवढ्याशा मुलांच्या तुलनेत दोघांना गोवर आला तरी सरासरी उलटीपालटी होते. दिल्लीत ६१९ मुलं लागली होती ती उगाच नाही. माझं मत असं झालंय की असले वर्ग चालतात का, हे मोठ्या अभ्यासांनी सांगावं. आमच्यासारख्यांनी परिणाम सिद्ध करायच्या भानगडीत पडू नये. आम्ही चार गोष्टी खऱ्या लिहाव्यात: कोण येतं, किती दिवस येतं, कुठून निघून कुठे पोचलं, आणि जो येत नाही तो का येत नाही.

त्या ‘अनियमित’ सतरा जणांपैकी एक चौथीतली मुलगी होती. आठवड्यातून एकदा, बुधवारी यायची. कधीमधी इतर दिवशीही दाराशी दिसायची, कडेवर दीड वर्षाचा भाऊ, फळ्याकडे बघत. आमचा नियम होता की लहान मुलं आत आणायची नाहीत, गोंधळ होतो. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून पाढे म्हणायची आणि मी हजेरीपटात तिच्यापुढे ‘गै.’ लिहायचे. बुधवारी आईला सुट्टी असते, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

आता कोपऱ्यात एक सतरंजी टाकली आहे आणि खुळखुळे, डबे-झाकणं ठेवली आहेत. गोंधळ होतो, खोटं कशाला सांगू. हजेरीपटात ‘सोबत’ असा एक नवा रकाना हातानं आखला आहे आणि तिच्या नावापुढे त्यात बहुतेक रोज १ असतो. तो एक कंपनीच्या तक्त्यात लाभार्थी संख्येत धरायचा की नाही, हे काकांना विचारायचं आहे.